निनादने घेतलेली दिवाळीची रजा

माझ्या भावाने नोकरी लागल्यापासून एकदाच दिवाळीची पूर्ण रजा घेतली. आता तेवढी एकच दिवाळी आमच्याकडे शिल्लक आहे.

निनाद फेब्रुवारीत गेला. सकाळी ऑफिसला निघाला आणि कॅबमध्येच छातीत कळ आली. ड्रायव्हरने हॉस्पिटलच्या दारात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती माझ्या धाकट्या भावाने.

आज भाऊबीज. यंदा आमच्याकडे सण नाही. शेजारणी, मंडळातल्या बायका फराळाचे डबे आणून देताहेत, पहिल्या वर्षी देतात तसे. ओटा भरलाय. खाणार कोण?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आई माझ्याकडे, गाझियाबादला. तो गुरुग्रामला, एकटा. पुण्याच्या नातेवाइकांना वाटायचं, अरे वा, बहीणभाऊ एकाच शहरात!

कसलं एक शहर! दिल्लीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. एकतर मेट्रो बदलत बदलत जा, नाहीतर ट्रॅफिकमध्ये बसून म्हातारे व्हा.

म्हणून आमची भाऊबीज व्हिडिओ कॉलवर. मी ताट घेऊन उभी. तो स्क्रीनवर, कानाला हेडफोन.

"ताई, एक मिनिट हं, म्यूट करतो."

रजा घ्यायचा तो, नाही असं नाही. पण त्यांच्या ऑफिसात रजेच्या मेलखाली एक ओळ लिहायची पद्धत होती. 'फोनवर उपलब्ध आहे.' ती लिहिली की झालं. मग रजा कसली, घरी बसून ऑफिसच!

गेल्या वर्षी मी भडकले.

"फोनला ओवाळून माझ्या हाताला काय लागतं रे? स्क्रीनला कुंकू लावू? यायचं तर वसुबारसेला ये आणि भाऊबीज करूनच जा. नाहीतर फोनही करू नकोस मला!"

आणखीही बरंच बोलले. नवरा म्हणाला, जरा जास्तच झालं. अजिबात नाही झालं. त्या भांडणाचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

कारण तो आला.

मेलमध्ये ती ओळ न लिहिता आला. तरी बॅगेत लॅपटॉप होताच. आईने तो दारातच काढून घेतला, कपाटात पैठणीखाली ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली.

"अगं आई, काही अर्जंट आलं तर?"

"मी सांगीन त्यांना, झोपलाय म्हणून."

आणि झोपलाच होता हो! आल्यापासून नुसता झोपला. मग करंज्या करायला बसला, निम्म्या तेलात फुटल्या, आईने ओट्यापासून हाकलून दिलं. नरकचतुर्दशीला माझ्या लेकीला उटणं लावायला गेला, तर ती किंचाळत घरभर पळाली, "मामा, ये मिट्टी मत लगाओ यार!" एवढा हसला, एवढा हसला की डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या.

एके दुपारी जेवून बाल्कनीत आडवा झाला होता. मी कपडे वाळत घालत होते. खालच्या कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता.

म्हणाला, "ताई, घरातली दुपार कशी असते ते मी विसरूनच गेलो होतो गं."

"मग ये की दर वर्षी."

"येणार. बिल्कुल येणार. आता चटक लागली."

भाऊबीजेला पाटावर बसला. समोर, हाताच्या अंतरावर. ओवाळताना त्याच्या कानामागचे पिकलेले केस दिसले मला. स्क्रीनवर कधी दिसलेच नव्हते.

तेराव्याला त्याच्या ऑफिसातले लोक आले. चांगली माणसं आहेत, रडत होती. एक साहेब आईचा हात हातात घेऊन म्हणाले, "आंटीजी, बहुत डेडिकेटेड था. छुट्टी में भी हमेशा फोन उठाता था."

आई म्हणाली, "पिछली दिवाली पे नहीं उठाया."

साहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"तब मेरे पास था," आई म्हणाली.

तुमच्यापैकी अर्धे लोक हे ऑफिसात बसून वाचत असणार, माहितेय मला. उठा आणि रजा टाका. ती ओळ लिहू नका. तुमच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. निनादच्या खुर्चीत होळीच्या आत दुसरा मुलगा बसला. बसू दे बिचारा, त्याचीही नोकरी आहे. पण इथे पाटावर कुणाला बसवू मी?

संध्याकाळी आई म्हणाली, "जा, चंद्राला ओवाळून ये."

आमच्याकडे जिला भाऊ नसतो, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. आईच्या तोंडून ते ऐकलं आणि मी ताट काढायला उठले. तोवर, खरं सांगते, कुठेतरी वाटतच होतं की मीटिंगमध्ये अडकला असेल, येईल उशिरा.

सोसायटीच्या गच्चीवर गेले. फटाक्यांचा धूर, सगळं आभाळ राखाडी. बीजेची कोर कुठली दिसतेय! आई मागून जिना चढून आली, धापा टाकत.

"आई, दिसतच नाहीये गं."

"नसू दे दिसत. आहे तिथेच. ओवाळ तू."

ओवाळलं.

निन्या, ते श्रद्धांजलीचे शब्द माझ्याच्याने लिहवत नाहीत रे. जिथे असशील तिथे सुखात राहा, राजा. आईची काळजी करू नकोस, मी आहे.

तुझी ताई