पायरीवरच्या बॅगा

"तू आत येऊन काय करणार? बॅगा सांभाळ."

एचआरचे साहेब हे बोलले तेव्हा आमच्या बसमधले चाळीस जण युद्धसंग्रहालयाच्या दारात उभे होते. चाकणच्या कंपनीची वार्षिक सहल. परमनंट लोक घरचे कपडे घालून, गॉगल लावून आलेले. आम्ही कंत्राटी सहा जण मात्र करड्या युनिफॉर्मात. सहलीलाही युनिफॉर्म घालायचा, असा निरोप फक्त आम्हाला होता. का, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही. बाकीचे पाच जण पाण्याचे खोके आणि जेवणाची पातेली उतरवायला गेले, माझ्या वाट्याला बॅगा आल्या.

"सर, मला आत बघायचंय. माझे वडील फौजेत होते."

"काय होते?"

"खेचरांवर. डोंगरातल्या चौक्यांवर दारूगोळा, रेशन न्यायचे."

साहेब हसले. "म्हणजे ओझी वाहणं घराण्यातच आहे की राव! मग बॅगांचं काय जड जातंय?"

सगळे हसले. आणि खरं सांगतो, मीही हसलो. साहेबांच्या बोलण्यापेक्षा मला माझ्या त्या हसण्याची लाज वाटते. सात महिने काम, मग ब्रेक, मग वाट बघायची की पुन्हा बोलावतात का. ब्रेकनंतर कोणाला घ्यायचं, ते साहेब ठरवणार. म्हणून त्यांच्या प्रत्येक फालतू विनोदाला आम्ही दात काढतो. सवयच लागलीय.

निघताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच काम सांगितलं होतं. कुरुळीच्या भाड्याच्या खोलीत कॉटवर बसून, गुडघा चोळत म्हणाले, "आमच्या खेचरांचं काय ठेवलंय का, बघून ये." तो गुडघा बर्फात घसरून गेला. पडले, पण लगाम सोडला नाही. गावाकडं अजून लोक विचारतात, "ह्यानं बंदूक कुठं धरली? हा कसला फौजी?" आबा गप्प बसतात. त्यांना कोणाकडून तरी ऐकायचं होतं की आपण तिथं होतो.

दहा मिनिटं मी पायरीवर बसलो. मग उठलो. बॅगा तिथंच ठेवल्या आणि आत गेलो.

तोफा, नकाशे, पदकं. अगदी शेवटच्या दालनात, कोपऱ्यात, काचेमागं एक खोगीर. त्याखाली पाटी. पाटीवर खेचराचं नाव, त्यानं किती वर्षं सेवा केली ते. तुकडीच्या अधिकाऱ्याचं नाव. त्या खेचराचा लगाम धरून रात्रंदिवस चालणाऱ्या माणसाचं नाव नाही. जनावराचं नाव आहे, माणसाचं नाही! माझ्या डोक्यात तिडीक गेली. काच फोडावीशी वाटली. आबांना काय सांगू मी?

मागून आवाज आला. "बॅगा कुठायत?"

"पायरीवर."

"जा, उचल."

"नाही उचलणार."

साहेबांना वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा बोललो, मोठ्यानं. "मी मशीन चालवतो. त्याचा पगार घेतो. तुमच्या बॅगा तुम्ही उचला. आणि माझ्या बापावर पुन्हा हसायचं नाही."

कोणी हसलं नाही. कोणी माझ्या बाजूनं बोललंही नाही. खोके उतरवून आत आलेले माझ्याच लाइनवरचे पाच जण खोगिराकडं बघत राहिले.

सोमवारी गेटवर माझं कार्ड चाललं नाही. माझा ब्रेक दोन महिन्यांनी होता. ठेकेदार बाहेर आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भावा, चार ओळींचा माफीनामा लिहून दे. साहेबांचा राग निवला की घेतो आत."

घरी सांगितलं. खोगिराचं सांगितलं, पाटीचंही सांगितलं. खोटं बोलवेना. आबा म्हणाले, "लिहून दे बाबा. पोटाचा प्रश्न हाय. आमी पन आयुष्यभर गपच बसलो."

"म्हणूनच तुमचं नाव नाही तिथं," मी म्हणालो.

बोलून गेलो आणि आबांचं तोंड बघवेना. पण शब्द मागं घेतला नाही. घेणारही नाही.

माफीनामा मी लिहिला नाही. तक्रार लिहिली. कामगार आयुक्तांच्या नावानं, साध्या मराठीत. साहेब काय बोलले ते शब्दाला शब्द, कार्ड कधी बंद केलं ते, आणि खाली माझं पूर्ण नाव, आबांच्या नावासकट. उद्या सकाळी कचेरीत देणार आहे. पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.