शिवणवाल्या मावशींचं माप

शिवणवाल्या मावशी दोन गोष्टींसाठी गल्लीत प्रसिद्ध होत्या. हात सफाईदार आणि अंग आडवंतिडवं. पहिली गोष्ट लोक काम असलं की बोलत, दुसरी केव्हाही. "मावशी, तुमच्या एका ड्रेसच्या कापडात आमचे दोन होतील हो!" असं माप द्यायला आलेली बाईसुद्धा हसत हसत सुनावायची. मावशींच्या तोंडात टाचण्या असायच्या, त्यामुळे उत्तर राहूनच जायचं.

मग त्यांचं ओटीपोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी खुर्चीतून न उठता सांगितलं, "आधी वजन उतरवा."

"पोटाला हात लावून तरी बघा."

"एवढ्या चरबीखाली हाताला काय लागणार, बाई?"

तीन खेपा घातल्या, तिन्ही वेळा हेच. चिठ्ठीवर औषधाच्या जागी एकच शब्द: वजन. हे असं शिकवतात का यांना? बारीक माणूस कण्हला की तपासायचं, जाड माणूस कण्हला की झापायचं?

मावशी मुकाट कोपऱ्यावरच्या वजन उतरवायच्या केंद्रात गेल्या. तिथल्या ताईंनी पावडरचे डबे दिले. दोन वेळा पावडर, एक वेळ जेवण. चार महिन्यांत गाल बसले, काटा सहा किलोंनी खाली आला. ताईंनी टाळ्या पिटल्या आणि मावशींचे दोन फोटो भिंतीवर लावले, 'आधी' आणि 'आता'. दोन्ही खांद्यापर्यंतच. गल्ली म्हणाली, "काय छान दिसताय!" पोट अजून दुखतं का, हे एकीनेही विचारलं नाही.

कपडे खांद्यावरून घसरायला लागले, म्हणून मावशींनी स्वतःसाठी ड्रेस बेतला. लेकीने मापं घेतली. मावशींच्या वहीत गल्लीतल्या सगळ्यांची मापं तारखेसकट असत, त्यांची स्वतःचीसुद्धा.

"आई, दंड दीड इंच कमी. गळा एक इंच कमी. पोट..." लेक थबकली. "चार इंच जास्त. माझी टेप तिरकी झाली वाटतं."

"पुन्हा घे."

तीनदा घेतलं. आकडा हलला नाही. तीस वर्षं माणसं मापलेल्या बाईला तो वाचता येत होता. माणूस वाळतं तेव्हा पोट एकटंच वाढत नाही.

वही काखोटीला मारून त्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पान वाचलं आणि म्हणाल्या, "झोपा बरं." हात लावताच त्यांचा चेहरा बदलला. आत मोठी गाठ होती.

"एवढे दिवस थांबलात कशाला?"

"थांबले नाही. तीनदा दाखवलं. ह्या घ्या चिठ्ठ्या."

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण डावा बीजकोश गेला. टाके सुकल्यावर मावशी थेट केंद्रात शिरल्या आणि भिंतीवरचे दोन्ही फोटो उपटून काढले.

"अहो, हे काय!" ताई किंचाळल्या. "तुमचे फोटो बघून अकरा जणी आल्यात!"

"त्यातल्या कितीजणींचं काय काय दुखतंय, विचारलंत?"

बाकावर वजनाला बसलेल्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या.

मावशींनी पिशवीतून टेप काढली. "इकडे या गं," त्या बाकाकडे बघून म्हणाल्या. "आधी मला सांगा, कुठे दुखतं?"