नंबर काढून घेतल्यावर

आमचा दादा सोफे दुरुस्त करतो. दिवसभर दुकानात गुडघ्यांवर बसायचं, जुनं कापड उसवायचं, दबलेला फोम काढून नवा भरायचा आणि वरून कापड ताणून बारीक खिळे ठोकायचे. हे खिळे तो ओठांत धरतो आणि एकेक काढतो. त्यामुळे काम चालू असताना तो बोलत नाही, आणि काम कायमच चालू असतं.

डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं. दादाने ते जरा जास्तच मनावर घेतलं आणि पळायला लागला. आता, दादा पळतो तेव्हा तो पळतोय हे बघणाऱ्याला सांगावं लागतं. हात पळणाऱ्यासारखे हलतात, घामही भरपूर येतो. फक्त माणूस आहे तिथेच असतो. पण चिकाटी दांडगी. वर्षभराने त्याने थेट डुएथलॉनमध्ये नाव घातलं. त्यात आधी पळायचं, मग सायकल चालवायची आणि मग पुन्हा पळायचं. पोहणं नसतं, म्हणून दादाला ही स्पर्धा सोपी वाटली होती.

ही स्पर्धा आमच्या भागातला सायकल दुकानदार भरवतो. पहिल्या वर्षी दादा शेवटच्या रेषेवर पोचला तेव्हा तिथल्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढून झाली होती. दादा तिच्यावरून चालत गेला आणि दोन्ही हात वर केले. दुसऱ्या वर्षी हवा काढणारे लोकही घरी गेले होते. तिसऱ्या वर्षी दुकानदाराने नियम केला: साडेनऊच्या आत ज्याची सायकल संपणार नाही, त्याला पुढे पळू द्यायचं नाही. हा नियम कोणासाठी आहे हे सगळ्यांना कळलं. दादा म्हणाला, "चांगला नियम आहे. काही लोक फारच रेंगाळतात."

प्रश्न एवढाच होता की साडेनऊला सायकल संपते तिथे उभं कोणी राहायचं. कारण पळणारा माणूस हातापाया पडला की थांबवणारा विरघळतो. दुकानदाराने आमच्या वहिनींना विचारलं.

वहिनी बसमध्ये तिकीट तपासतात. एकदा त्यांच्या गाडीत त्यांचे वडीलच निघाले, आणि पासची मुदत कालच संपलेली. वडील म्हणाले, "अगं, तुला लहानाची मोठी केली मी." वहिनी म्हणाल्या, "हो बाबा, पण ते पासवर कुठे लिहिलंय?" आणि दंडाची पावती फाडली. ही गोष्ट सगळ्या डेपोला माहीत आहे. दुकानदारालाही होती. वहिनी लगेच हो म्हणाल्या.

दादा फार खूश झाला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आता काळजी नाही. घरचंच माणूस आहे."

त्याच्या सासऱ्यांनाही तसंच वाटलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी दादाचं पहिलं पळणं नेहमीसारखं झालं, म्हणजे शेवटून पहिला. सायकली लावलेल्या मैदानात तो आला तेव्हा तिथे त्याची एकट्याचीच सायकल उरली होती. बाकीचे लोक सायकलवर उडी मारून गेले होते. दादा खुर्ची घेऊन बसला. बूट काढले. मोजे काढून पिळले, हँडलला वाळत घातले आणि पिशवीतून कोरडे काढले. मी कुंपणाबाहेरून ओरडत होतो, "दादा, अरे चल!" त्याने मला हाताने खूण केली, की घाई करू नकोस, सगळं नीट चाललंय.

मग मी वहिनींकडे गेलो. जिथे सायकल संपते आणि शेवटचं पळणं सुरू होतं, तिथे त्या लाल झेंडा घेऊन उभ्या होत्या. लोक येत होते, सायकली टाकत होते, पुढे पळत होते. मग येणारे थांबले. वहिनी घड्याळाकडे बघत होत्या, मी रस्त्याकडे. साडेनऊ वाजले. वहिनींनी रस्त्याच्या मधोमध प्लास्टिकचा नारिंगी शंकू ठेवला.

तेवढ्यात वळणावर दादा दिसला. हँडलला दोन मोजे फडफडत होते. आम्हाला बघून त्याने हात हलवला आणि त्यासाठी वेग आणखी कमी केला.

"वहिनी," मी म्हणालो, "अर्ध्या मिनिटाचा तर प्रश्न आहे."

"भावजी, तुम्ही जरा मागे उभे राहा."

दादा शंकूपाशी येऊन उतरला. वहिनींनी झेंडा आडवा धरला.

"वेळ संपली."

दादा हसला. "बरं, बरं. बाजूला हो आता."

"अहो, संपली वेळ. नंबर द्या."

दादाचं हसू जरा वेळ तसंच राहिलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी झाडाकडे बघितलं. नंबर त्याच्या बनियनला चार पिनांनी लावलेला होता. घामाने बोटं निसटत होती, पिन निघेना. शेवटी वहिनींनी झेंडा काखेत धरला आणि स्वतः पिना काढायला लागल्या. पोटाला टोचू नये म्हणून एक बोट आत घालून, सावकाश. दादाने श्वास रोखून पोट आत घेतलं होतं.

"म्हणजे मी आता स्पर्धेत नाही?"

"नाही."

"मग मी साधा रस्त्यावरचा माणूस."

"हो."

"मग रस्त्यावरच्या माणसाला पळायला बंदी आहे का?"

वहिनींनी विचार केला. खरोखर विचार केला. मी त्यांचा चेहरा बघत होतो. "नाही," त्या म्हणाल्या. "कडेकडेने पळा."

दादाने सायकल माझ्या हातात दिली आणि निघाला. त्याच्या मागे कोणी यायचं उरलं नव्हतं, त्यामुळे वहिनींचंही काम संपलं. त्यांनी झेंडा गुंडाळला, शंकू मला दिला आणि त्याच्या बरोबरीने निघाल्या. दादा पळत होता, वहिनी चालत होत्या. दोघं अगदी शेजारी शेजारी होते. मी सायकल आणि शंकू सांभाळत मागून.

बराच वेळ दादा गप्प होता. तोंडात खिळे नव्हते तरी.

"घड्याळ थोडं उशिरा बघितलं असतंस," तो शेवटी म्हणाला, "तर काय बिघडलं असतं?"

"आणि मग जन्मभर तुम्हाला वाटलं असतं, बायकोने पुढे सोडलं म्हणून पोचलो."

"मला चाललं असतं."

थोडं अंतर गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "मोजे बदलायची काय गरज होती?"

"ओले झाले होते."

"पायातच होते ना? कोणाला दिसणार होते?"

दादाने मान वळवली. पळता पळता त्याला बोलणं जड जात होतं, पण हे त्याला बोलायचंच होतं. "तुला तिथे बघितलं तेव्हा मला वाटलं, माझी वाट बघत उभी आहेस."

"वाटच बघत होते," वहिनी म्हणाल्या. "साडेनऊपर्यंत."

शेवटच्या रेषेवर कमान या वेळी उभी होती. सायकल दुकानदार तिथेच होता. दादाला बघून त्याने खोक्यातून एक पदक काढलं आणि पुढे आला. वहिनींनी त्याच्यासमोर नंबराचा कागद धरला. दुकानदाराने कागद बघितला, वहिनींकडे बघितलं, आणि पदक परत खोक्यात ठेवलं. दादाने दोन्ही हात वर केले, मग खाली घेतले आणि पाणी मागितलं.

पुढचे काही दिवस दादा घरात बोलला नाही. आम्हाला आधी वाटलं काम जास्त आहे. मग एका सकाळी तो पळायला निघाला तर वहिनी खाली स्कूटर चालू करून बसलेल्या. कुठे चाललीस म्हणून त्याने विचारलं. "तुमच्या मागे," त्या म्हणाल्या. तेवढंच बोलणं झालं, आणि ते निघाले.

आता हे रोजचं झालंय. पुढे दादा, मागे स्कूटरवर वहिनी, दोन्ही पाय जमिनीला टेकवत, कारण त्या वेगाला स्कूटरचा तोल राहत नाही. अधूनमधून त्या हॉर्न वाजवतात. दादा म्हणतो, हॉर्नने त्याचा वेग वाढतो. मी गॅलरीतून रोज बघतो. वाढत नाही.