परत करणे

आमच्या ह्यांच्या कादंबऱ्यांतला चष्मेवाला बातमीदार सहा फूट उंच होता, पोलिसांच्या आधी पोहोचायचा आणि कुणाच्या बापाला भ्यायचा नाही. आमचे हे माझ्या खांद्याला लागायचे आणि झुरळ निघालं की मला हाक मारायचे. पण खुनाची बातमी लिहिण्यात ह्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हेही सांगते. एकतीस वर्षं एकाच वर्तमानपत्रात काढली. कादंबऱ्या सुट्टीच्या दिवशी लिहायचे. अक्षर असं, की स्वतःचं स्वतःला लागायचं नाही. म्हणून अकराच्या अकरा पुस्तकांची प्रत चांगल्या अक्षरात मी करून दिली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाजी चिरून झाल्यावर.

बातमीदारांच्या कामात एक गोष्ट सगळ्यांना नकोशी असते. कुणाचा खून झाला, की त्या घरी जाऊन गेलेल्या माणसाचा फोटो मागून आणायचा. ह्यांना ते छान जमायचं. दारातच उभे राहायचे, आवाज खाली आणायचे, प्यायला पाणी मागायचे. मग म्हणायचे, "उद्या परत आणून देतो." लोक भिंतीवरचा फोटो काढून हातात द्यायचे. आणि उद्या दुसराच खून असायचा. छापून झालेले फोटो ह्यांच्या खिशातून घरी यायचे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडायचे. "पोस्टाने तरी पाठवा," असं मी किती वेळा म्हटलं असेल. "बघू," म्हणायचे. डबा मी स्वतः कधी उघडला नाही. गेलेल्या माणसांचे चेहरे बघायची माझी हिंमत नव्हती.

पहिल्या कादंबरीची प्रत करताना मात्र त्या डब्याचा इतका राग आला, की शेवटच्या प्रकरणात मी चार ओळी पदरच्या घातल्या. चष्मेवाला खुनी पकडून देतो आणि मग मेलेल्या मुलीच्या आईकडे जाऊन तिचा फोटो तिच्या हातात ठेवतो. टोमणा मारला होता मी. ह्यांना तो टोमणा वाटलाच नाही, आवडला! वाचकांनाही आवडला. डोळ्यांत पाणी आलं म्हणून पत्रं आली. झालं, पुढचं प्रत्येक पुस्तक तसंच संपायला लागलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी ह्यांच्या तोंडावर म्हणायची. हे हसायचे.

हे निवृत्त झाल्यावरची गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. दारात एक म्हातारी बाई उभी. तीन जिने चढून तिला धाप लागली होती.

"चष्मेवाल्याची पुस्तकं लिहितात, त्यांचं घर हेच का हो?"

आतल्या खोलीतून ह्यांनी हात हलवून खूण केली. घरात नाही म्हणून सांग. मी खुर्ची पुढे केली आणि तिला पाणी दिलं.

"कालव्यात सापडलेली मुलगी, ती माझी," बाई म्हणाली. "बावीस वर्षं झाली."

पहिलं पुस्तक तिच्यावरच होतं. पुस्तकात खुनी सापडला होता. खरा कधीच सापडला नाही.

"आम्ही अजून चौकशी..." मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"नको हो. कुणी केलं ते आता कळलं काय, न कळलं काय. मला तिचा फोटो हवाय, साहेबांनी तेव्हा नेलेला. तेवढा एकच होता. ती आणि तिचे वडील, स्टुडिओत जाऊन काढलेला. दुसऱ्या वर्षी तेही गेले." तिने पदराने तोंड पुसलं. "मला वाचता येत नाही. सून वाचून दाखवते. अकरा पुस्तकं ऐकून झाली, प्रत्येकात तो चष्मेवाला फोटो परत नेऊन देतो. म्हटलं, मनाचा चांगला दिसतोय माणूस, येईल आपल्याकडेही. आता वय झालं. म्हटलं, आपणच जावं."

इतकी वर्षं ह्या बाईला कुणी वाट बघायला लावली होती? ह्यांनी नाही. मी. त्या चार ओळी माझ्या होत्या.

मी डबा टेबलावर आणून उघडला. बाई घाई करत नव्हती. एकेक चेहरा नीट बघायची आणि बाजूला सरळ ठेवायची. मग तिचा हात थांबला. फोटो चार बोटं रुंद उरला होता. वर्तमानपत्राला एका कॉलमात मावेल इतका फक्त मुलीचा चेहरा हवा होता, म्हणून कात्री लावली होती. वडील कापले गेले होते. मुलीच्या खांद्यावर त्यांची बोटं तेवढी राहिली होती.

तिने फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीने खरडलं होतं.

"काय लिहिलंय?"

ते अक्षर जगात मला एकटीलाच लागतं. वाचावंच लागलं. "एक कॉलम. परत करणे."

तिने मान डोलवली. "मग बाकीचा तुकडा कुठे ठेवता तुम्ही?"

तोवर हे दारात येऊन उभे राहिले होते, बनियनवर. अकरा पुस्तकांत ह्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. आता म्हणाले, "बाई, कापलेलं... टाकून देतात."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने त्या बोटांवर आपला अंगठा ठेवला, मग फोटो रुमालात बांधला. निघताना ह्यांना म्हणाली, "पुस्तकातलं तुमचं छान असतं हो. ते शेवटचं मी सुनेकडून दोनदा वाचून घेते."

बाराव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्याच टेबलावर पडलं होतं, प्रत करायचं राहिलेलं. ते मी ह्यांना तसंच परत दिलं. "हा शेवट माझा होता. मी काढून घेतला," म्हटलं.

डब्यात अजून त्रेचाळीस फोटो आहेत. रोज जेवण झालं की आम्ही दोघं समोरासमोर बसून ते उलटून बघतो. सगळ्यांच्या मागे ह्यांच्या अक्षरात तेच लिहिलंय, परत करणे. पत्ता एकाच्याही मागे नाही.