हंड्याला हात लावला कुणी?

खून, दरोडे आणि साखळीचोऱ्यांचे तपशील आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळू लागले आहेत. पण कल्याणच्या एका पतसंस्थेतल्या तांब्याच्या हंड्याचं प्रकरण मला आजही जसंच्या तसं आठवतं, आणि आठवलं की हसू येतं. त्यात गुन्हा दाखल झाला नाही, कुणाला अटकही झाली नाही. तरीही माझ्या नोकरीतला तो सगळ्यात समाधानाचा तपास होता.

विठ्ठलवाडीच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. दिवाळी नुकतीच झाली होती. एके सकाळी हजेरी आटोपून टपाल पाहताना एक निनावी अर्ज हाती आला. निनावी अर्ज बहुधा जिन्यातल्या चपलांच्या भांडणातून जन्माला येतात. अक्षर वाकडं आणि भाषा तिखट. हा मात्र डावीकडे समास सोडून, मुद्द्यांना क्रमांक घालून लिहिला होता. मजकूर असा, की अमुक पतसंस्थेची बक्षीस बचत योजना ही धूळफेक असून एकाच महिलेस एका वर्षात तीन वेळा बक्षीस लागले आहे. आधी कुकर, मग मिक्सर आणि आता दिवाळीच्या सोडतीत स्कूटर. सबब सदर महिला व व्यवस्थापक यांच्या संगनमताची चौकशी व्हावी.

योजना तशी साधी होती. खातेदाराने दरमहा ठरलेला हप्ता भरायचा. मुद्दल त्याचंच, त्यावर व्याज. संस्था व्याजातला थोडा भाग बाजूला काढून बक्षिसं घ्यायची. हप्ता भरला की नाव आणि तारखेचा शिक्का असलेली एक चिठ्ठी मिळे, ती खातेदाराने स्वतः हंड्यात टाकायची. पैसे फोनवरून भरले तरी चिठ्ठी टाकायला शाखेत यावंच लागे. महिनाअखेरीला संध्याकाळी सोडत, आणि दुसऱ्या दिवशी हंडा रिकामा करून नव्याने सुरुवात. ज्यांनी जन्मात पासबुक पाहिलं नव्हतं अशी माणसं बक्षिसाच्या आशेने का होईना, बचत करू लागली होती.

मी दोन हवालदार आणि दोन पंच घेऊन शाखेत गेलो. हंडा एका चौरंगावर होता. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, तोंडाशी आंब्याची पानं, समोर समई. दिवाळीच्या सोडतीच्या चिठ्ठ्या अजून आतच होत्या, कारण अर्जाची एक प्रत सोडतीच्या दुसऱ्याच सकाळी संस्थेच्याही हाती पडली होती आणि घाबरून त्यांनी सगळं तसंच ठेवलं होतं. हंडा ताब्यात घ्या म्हटल्यावर माझे दोन्ही हवालदार एकमेकांकडे पाहू लागले.

"साहेब, पूजेतला आहे," एक जण पुटपुटला.

शेवटी हंड्याच्या तोंडाला कापड बांधून जागेवरच सील ठोकलं.

मग स्कूटर लागलेल्या मावशींना बोलावलं. पन्नाशीच्या, चारचौघींसारख्या. स्टेशनच्या पूर्वेला त्यांचं पोळी-भाजी केंद्र. गुडघे दुखत असूनही डबे पायीच पोचवायच्या, त्यामुळे स्कूटर म्हणजे त्यांच्यासाठी चैन नव्हती. तीस वर्षांच्या अनुभवाने मी मनात निकाल लावून टाकला होता. तीनदा नशीब उघडतं असं मी पोलीस खात्यात तरी पाहिलं नव्हतं. मी आवाज चढवूनच विचारलं, "मावशी, व्यवस्थापकाला किती दिलेत?"

त्या रडल्या नाहीत. ताठ बसून म्हणाल्या, "साहेब, कुकर आणून देते, मिक्सर आणून देते. स्कूटरला तर मी अजून हात पण नाही लावलेला. सगळं घ्या. पण मला चोर नका म्हणू. माझ्या हातची पोळी लोक विश्वासावर खातात हो."

"हप्ता कधी भरता?"

"शेवटच्या दिवशी. डब्यात थोडे थोडे पैसे टाकते, महिना संपेपर्यंत कसेबसे पुरे होतात. सोडतीच्या आधी धावत जाते आणि चिठ्ठी टाकते."

हे उत्तर मी जबाबात उतरवून घेतलं, त्याचा अर्थ मात्र मला तेव्हा कळला नाही. वर्दीतली माणसं केंद्रावरून घेऊन गेली, एवढं गल्लीला पुरलं. चार दिवसांत त्यांचे निम्मे डबे बंद झाले. हे मला माझ्याच एका शिपायाकडून कळलं, कारण तो तिथूनच पोळ्या घ्यायचा. मला मनापासून लाज वाटली. संशयिताला बोलावण्याची एक रीत असते, ती मी मावशींच्या बाबतीत पाळली नव्हती.

अर्जदाराला शोधायला वेळ लागला नाही. अर्जात प्रत्येक सोडतीची वेळ मिनिटासकट होती, म्हणजे लिहिणारा हजर असणार. दर सोडतीला पहिल्या रांगेत कोण बसतं, असं विचारताच व्यवस्थापकाने एका निवृत्त हेडक्लार्क काकांचं नाव सांगितलं. काका डोंबिवलीहून आले ते अर्जाची कार्बन प्रत घेऊनच.

"इन्स्पेक्टर साहेब, अर्ज माझाच. मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, शाखा उघडताच, पहिला हप्ता भरतो. एकही चुकवला नाही. मला साधा चमचा लागलेला नाही! याला काय म्हणायचं?"

मी त्याला नशीब म्हणालो. काकांना ते अजिबात पटलं नाही.

शाखेतल्या कॅमेऱ्याचं महिनाभराचं चित्रण आमच्या ठाण्यातली एक तरुण महिला शिपाई तीन दिवस बघत होती. हंड्यात कोण हात घालतो, चिठ्ठ्या कोण बदलतो, हे शोधायचं होतं. तिसऱ्या दिवशी ती वैतागून माझ्या केबिनमध्ये आली.

"सर, कोणीच हात लावत नाही. चिठ्ठी टाकतात, नमस्कार करतात, निघतात. सोडतीच्या दिवशी पण तेच. सोडत काढायला बोलावलेल्या पाहुण्या बाई दोन बोटांनी वरची चिठ्ठी उचलतात, बस. हलवत पण नाही कोणी."

मी खुर्चीत सरळ झालो. "परत सांग."

"हलवत नाहीत, सर. एकदाही नाही."

मी तसाच शाखेत गेलो आणि व्यवस्थापकाला विचारलं, "सोडतीआधी चिठ्ठ्या ढवळत का नाही?"

त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "साहेब, पहिल्या तारखेला सकाळीच गुरुजी येऊन हंडा रिकामा करतात, नवी पूजा मांडून जातात. मांडलेली पूजा हलवतं का कोणी? पाहुण्यांनाही आम्ही सांगतो, अलगद काढा."

मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी पंच, संचालक, काका, मावशी आणि येतील तेवढे खातेदार बोलावले. शाखेचं सभागृह खच्चून भरलं. सील तोडलं आणि म्हटलं, आता हंडा चौरंगावरून खाली घ्या. गुरुजींवाचून कुणी पुढे होईना. तेव्हा मागून मावशी उठल्या.

"अहो, उत्तरपूजा करा की! अक्षता वाहा, हंडा जरासा हलवा, झालं. गणपती नाही का आपण हलवत?"

अध्यक्षांनी अक्षता वाहिल्या, हंडा बोटभर सरकवला आणि सभागृहाने सुटकेचा श्वास सोडला. मग सोडतीत निघालेली मावशींची चिठ्ठी बाजूला ठेवून मी उरलेल्या वरून एकेक काढत तारखा मोठ्याने वाचू लागलो. आधी सगळ्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या. मग त्याच्या आदल्या दिवसाच्या. थोडं इकडेतिकडे, पण क्रम तोच. अर्धा हंडा रिकामा झाला तेव्हा आम्ही महिन्याच्या मध्यावर पोचलो होतो. लोकांच्या हळूहळू लक्षात येऊ लागलं आणि कुजबुज वाढली. पार तळाशी, तांब्याला चिकटून बसलेली शेवटची चिठ्ठी मी उचलली. पहिली तारीख. नाव काकांचं.

"म्हणजे मला कधी लागणारच नव्हतं?" काका म्हणाले.

"नव्हतं, काका. तुमची तक्रार खरी आहे. आणि मावशींनी काही केलेलं नाही, तेही खरं आहे."

काका उभे राहिले, मावशींकडे वळले आणि सगळ्यांदेखत हात जोडले. मावशी म्हणाल्या, "हात काय जोडता, चिठ्ठी काढा. स्कूटरची सोडत परत होऊ दे, तुमच्याच हाताने. मला तशी नको."

संचालक नको नको म्हणत होते. पण मावशींनी संमती लिहून दिली, केंद्रातून पोळ्यांची मोठी परात मागवली, सगळ्या चिठ्ठ्या आपल्या चिठ्ठीसकट तीत ओतल्या आणि चिवडा कालवावा तशा दोन्ही हातांनी खालीवर केल्या. मग मागे जाऊन डोळे मिटून पुटपुटत बसल्या. मी जवळच होतो, मला ऐकू आलं. "देवा, माझी नको काढूस. आज नको."

बाकी सभागृह आपापली चिठ्ठी निघावी म्हणून देवाला साकडं घालत होतं.

काकांनी डोळे घट्ट मिटून हात घातला. चिठ्ठी निघाली ती स्टेशनबाहेर गजरे विकणाऱ्या एका बाईची. ती किंचाळलीच. "अगं बाई, मला तर सायकल पण येत नाही!" हशा आणि टाळ्यांनी छत दणाणलं. सगळ्यात आधी टाळी वाजवली ती मावशींनी, आणि सगळ्यात शेवटी थांबल्या त्याही मावशीच. स्कूटर हरल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. कुकर आणि मिक्सर परत घ्यायला संचालकांनी साफ नकार दिला.

पोलिसाच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो "कुणी केलं?" हाच. त्या प्रश्नाने मी एका कष्टाळू बाईचं नाव चार दिवसांत मातीत घातलं होतं, आणि "कसं झालं?" हे विचारल्यावर एका तासात सगळं सुटलं. कुणीही लबाड नसताना अन्याय होऊ शकतो, हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं. निदान कळलं तरी, याचा मला आनंद आहे.

मावशींनी दुसऱ्याच दिवशी रीतसर अर्ज करून पंचनाम्याची नक्कल नेली. पुढे एकदा साध्या कपड्यात मी त्यांच्या केंद्रावर गेलो. डब्यांची रांग पुन्हा पहिल्यासारखी लागली होती. भिंतीवर, दरपत्रकाच्या शेजारी, ती नक्कल प्लॅस्टिकमध्ये घालून टांगली होती. खाली माझी सही, त्यावर ठाण्याचा शिक्का, आणि मधल्या एका ओळीखाली लाल पेनाने दोनदा रेघ ओढलेली: "फेरसोडतीत सदर महिलेची चिठ्ठी निघाली नाही."