बहाराआधीची तहान

मी खापा सोडलं त्या सकाळी आई मला सोडायला बसस्टँडवर आली नाही.

माघ चालू होता. कन्हान नदीवरचं धुकं अजून गावात रेंगाळत होतं आणि बसची काच आतून ओली होती. बाबा माझ्या दोन्ही पिशव्या हातात धरून उभे होते, खाली ठेवायला तयार नव्हते. पिशव्यांतल्या वाट्या-ताटल्या त्यांनी स्वतःच्याच उरलेल्या पत्रकांत गुंडाळल्या होत्या, त्यामुळे माझ्या संसाराच्या प्रत्येक भांड्यावर ‘जाहीर आवाहन’ असं छापलेलं होतं. आई कुठे आहे, असं मी विचारलं.

“तिची सभा आहे आज,” बाबा म्हणाले. “झाडांसोबत. आज पाणी सुटणार. तुही एसटी काय, रोजच आहे.”

मला राग आला. बावीस वर्षांची पोरगी घर सोडून निघते आणि आईला विहिरीवर जायचं असतं. सावनेर येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही.

खापा ते नागपूर म्हणजे बसनं तासा-दीड तासाचं अंतर. याला स्थलांतर म्हटलं की लोक हसतात. माझ्या शाळेतली मुलं पुण्याला गेली, बंगलोरला गेली, एक मुलगी तर कॅनडात बर्फ उपसते. त्यांच्यापुढे माझं जाणं म्हणजे बाजाराला जाऊन येण्यासारखं. पण खाप्यात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, तुम्हाला खरं माहीत आहे. जवळ असलं की माणूस परत जाणं सहज पुढे ढकलतो. या रविवारी नाही तर पुढच्या. असे किती रविवार नागपुरात सक्करदऱ्याच्या एका खोलीत कपडे धुण्यात गेले, ते मी इथे सांगत नाही.

आईची ती सभा काय होती, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे दीड एकर संत्रा आहे. बाबा शाळेत कारकून होते, आणि शाळा सुटली की पत्रकं लिहिणारे: नदीतल्या रेतीवर, विणकरांच्या मजुरीवर, नळाच्या पाण्यावर. मी अक्षरं त्याच कागदांवर गिरवली. बगीचा मात्र पहिल्यापासून आईचा. हिवाळा भरात आला की आई झाडांचं पाणी बंद करते. विहिरीत पाणी असतं, मोटर धड असते, आणि तरी द्यायचं नाही. झाडांना तहान लागू द्यायची. पानांची चकाकी जाते, कडा आत वळतात, काही पानं गळतात. नवख्याला वाटावं, बगीचा गेला. मग माती हातात घेऊन, पानं पाहून, एका दिवशी पहिलं हलकं पाणी सोडायचं. तो दिवस बरोबर साधला तर काही आठवड्यांत झाडं पांढऱ्या फुलांनी भरतात. त्याला आंबिया बहार म्हणतात. पाणी लवकर दिलं तर झाडाला फुलायची गरजच वाटत नाही, ते नुसती पालवी काढतं. फार उशीर केला तर फांद्या वाळतात. म्हणून आई बसस्टँडवर आली नाही. बस रोज होती, तो दिवस एकच होता.

शाळेत आम्हाला निबंध असायचा. त्यात हिवाळ्याच्या शेवटी निसर्ग झोपलेला असायचा आणि वसंत येऊन त्याला जागं करायचा. मी या निबंधाचा जाहीर निषेध करते. या दिवसांत कोणीही झोपलेलं नसतं. नदीचं पात्र बारीक होतं आणि उघड्या पडलेल्या रेतीत डांगरवाडीवाले टरबुजांचे वेल लावून मोकळे झालेले असतात. तुरी निघून गेलेल्या शेतात नुसत्या खुंट्या राहतात, पण बांधावरच्या पळसाला काळपट मखमली कळ्या धरलेल्या असतात. पानं नाहीत, रंग नाही, आवाज नाही. सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी तीच शाल खांद्यावर ओझं होते. इतकं काम इतक्या मुकाट्यानं चाललेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. मोर्चातल्या घोषणांवर वाढलेल्या मला हे कळायला खोलीभाड्याच्या शहरात यावं लागलं.

नागपूरलाही हा काळ कळतो, त्याच्या पद्धतीनं. मी सीताबर्डीत एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंगला लागले, आता तिथेच मसुदे तयार करते. व्हरायटी चौकातून रोज चालत जाते. स्वेटरवाल्यांचे ढीग आधी अर्ध्या किमतीत येतात, मग एका सकाळी नसतातच, आणि त्याच जागी तोंडाला बांधायचे सुती दुपट्टे लटकलेले असतात. गल्लीत कूलरची खस विकणारा पहिली हाक देऊन जातो, कोणी त्याला थांबवत नाही, तरी तो येतो. सक्करदऱ्याच्या गच्च्यांवर रजया उन्हात पडतात. मेट्रोत एसी लागला की कोणीतरी म्हणतं, “आता सुरू झालं बाबा.” मला हे सगळं आवडतं. इथल्या मैत्रिणी मला हसतात, की तुला फेब्रुवारीचंही कौतुक. आहे.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर बगीचा आणि आई, दोघंच खाप्यात. दादा, माझा मोठा भाऊ, सतराव्या वर्षी शिकायला पुण्याला गेला तो तिथलाच झाला. आमच्या रस्त्याला लेआउटच्या पाट्या लागल्या आहेत; संत्र्याच्या बांधापर्यंत प्लॉट आखल्याच्या चुन्याच्या रेघा आल्या आहेत. यंदा संक्रांतीला आम्ही दोघंही घरी होतो. जेवण झाल्यावर दादानं विषय काढला. बगीचा विकावा, आईनं पुण्याला किंवा नागपूरला यावं. त्याचं बोलणं वाईट नव्हतं. आईचे गुडघे, रात्रीची मोटर, बांधावरचे साप, सगळं खरं होतं.

आईनं तिळाची वडी मोडून अर्धी त्याच्या ताटात टाकली. “बहार येऊ दे,” ती म्हणाली. “चांगला आला तं मी इथंच. नाही आला तं तुमच्या मागं येईन, एक शब्द बोलणार नाही.”

“पक्कं?” दादानं विचारलं.

“तुह्या बापासारखं पत्रक काढून देऊ काय?”

माझ्या आत पूर्ण भाषण तयार होतं: लेआउटवाल्यांवर, चुन्याच्या रेघांवर, म्हाताऱ्या बाईच्या एकटेपणाची दया करून तिची जमीन घेणाऱ्यांवर. पण जो स्वतः निघून गेला आहे त्यानं दुसऱ्याला राहा म्हणू नये, असं मी ठरवलेलं आहे. गावात राहण्याची किंमत आईनं द्यायची आणि गाव टिकल्याचा आनंद मी सक्करदऱ्यात घ्यायचा, हे मला मान्य नव्हतं. म्हणून मी ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी मावशीकडे सावनेरला तिळगुळाला गेलो. परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि विहिरीवर मोटर चालू होती. दादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभा होता, हातात फावडं, चेहऱ्यावर लहानपणीचा आनंद. अर्धा बगीचा ओला झाला होता. अजून दोन आठवडे तरी त्या झाडांना पाण्याचा थेंब मिळायला नको होता.

आईनं आधी मोटर बंद केली.

“झाडं सुकून राहिली होती ना, आई,” दादा म्हणाला. “तुले दिसून नाही राहिलं काय?”

“दिसून राहिलं,” आई म्हणाली. “महिना झाला, तेच तं पाहून राहिली मी.”

दादाच्या हातातलं फावडं खाली आलं. त्याला आठवलं असावं. सतरा वर्षांचा होईपर्यंत त्यानंही दर हिवाळ्यात हे पाहिलं होतं, पण पुण्यात इतकी वर्षं राहिल्यावर त्याच्या मनात एकच उरलं होतं: सुकलेलं झाड दिसलं की पाणी. माझी जीभ मात्र सुटली. “मुद्दाम केलंस,” मी म्हटलं. “बहार नको होता तुला. काल ठरलं आणि आज लगेच?”

त्यानं दुमडलेली पँट खाली सोडली, चिखलातच.

“चूप वं,” आई मला म्हणाली. “त्याले तहान पाहवली नाही. एवढंच झालं. अन् तू गा पोरा, पाय धुऊन घे. थंडी वाजंल.” मग चुलीपाशी जाता जाता म्हणाली, “शिकून इंजिनीयर झाला अन् माह्या झाडाईले पाणपोई लावून बसला.” दादा हसला, पण त्या रात्री तो नीट जेवला नाही.

पुढचे आठवडे मी नागपुरात काढले. आईनं मजूर लावून ओल्या अर्ध्यात वखर फिरवला, जमीन उघडी करून वाळवली, जमेल तेवढं सावरलं. उरलेल्या अर्ध्याला तिनं आणखी थांबवलं. दादा रोज संध्याकाळी तिला फोन करायचा आणि मग मला करायचा. “काय म्हणते?” एवढंच विचारायचा. मी म्हणायचे, “काही नाही म्हणत.” खरंच ती काही म्हणत नव्हती. पहिलं पाणी सोडलं त्या दिवशीसुद्धा तिनं फक्त सांगितलं की आज दमले. मी ऑफिसात बसून लोकांचे दावे, उत्तरं, हरकती टाइप करत होते. आईचं घर राहणार की जाणार हे एका कोरड्या फांदीवर ठरत होतं, आणि त्या फांदीला हरकत घेता येत नव्हती.

फेब्रुवारी सरता सरता तिचा फोन आला. “येऊन जा,” ती म्हणाली.

बगीचा दिसण्याआधी वास आला. ज्यांनी संत्र्याचं फूल हुंगलेलं नाही त्यांना मी तो समजावू शकत नाही. गोड म्हणावं तर त्यात कडूपणा असतो. रस्त्याकडचा अर्धा भाग हिरवागार, चमकदार, कोवळ्या पालवीनं भरलेला. दिसायला देखणा, आणि फूल क्वचित कुठे एखादं. विहिरीकडचा अर्धा भाग पांढरा. फांदीन् फांदी कळ्यांनी वाकलेली, खाली मातीवर पाकळ्यांचा सडा, आणि सगळ्या झाडांमध्ये मधमाश्यांचा एक अखंड गुंजारव. आई त्यात उभी होती. पदर कमरेला खोचलेला, एका हातात मोबाइल, दादाला व्हिडिओवर दाखवत होती.

“किती आला?” दादाचा आवाज.

“अर्धा.”

“अर्ध्याचं तर काही ठरलंच नव्हतं, आई.”

“नव्हतं ना,” आई म्हणाली. “मंग मी ठरवतो. जो मी सांभाळला तो पुरा आला, पाहून घे. जो तुवा पाजला तो गेला. त्याची हार मी काहून घेऊ?”

दादा हसला. बऱ्याच दिवसांनी मोकळं हसला. “नको घेऊ,” तो म्हणाला. “तू राह्य. पुढच्या संक्रांतीले मी येतो, मोटरीले हात लावत नाही.”

“ये. पण आला तं नुसता पाहत बस. तेच कठीण असते.”

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली. “अन् तू वं? त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. अशा बापाची पोर अन् ताटं उचलून गेली.”

मी माझं कारण सांगितलं. मी निघून गेले आहे, मला सांगायचा हक्क नाही, वगैरे. नीट मांडलं, मुद्देसूद.

आईनं ते ऐकून घेतलं आणि माझ्या केसांत पडलेली पाकळी काढली. “गेली म्हणून का मुकी झाली? मी कोणाच्या सांगण्यानं राहीन असं वाटते तुले? मी माह्या मनानं राहतो. पण तुले काय वाटते, ते मले ऐकाचं राहते.”

घर म्हणजे काय, असं निघून गेलेली माणसं एकमेकांना विचारत राहतात. मी आजवर त्याची बरीच उत्तरं दिली, काही छापूनही आली. आता मला एवढंच वाटतं की मी नसताना जिथे माझं मत राखून ठेवलेलं असतं आणि गेल्यावर मागितलं जातं, ते माझं घर आहे, मी तिथे राहत असेन किंवा नसेन.

मग मी बोलले. संक्रांतीपासून अडवलेलं सगळं बोलले. चुन्याच्या रेघा, पाट्या, प्लॉटचे भाव सांगत फिरणारी माणसं, कोणी विकायचं आणि कोणी नाही, तू का राहायला हवंस आणि तू राहिलीस तर आम्ही दोघांनी काय करायला हवं. हात हलायला लागले, आवाज चढला, बाबा चौकात चढवायचे तसा.

आई मान हलवत ऐकत होती. मध्येच तिनं माझ्या दंडाला हात लावला.

“हळू बोल वं,” ती म्हणाली. “माश्या कामात आहेत.”

मी आवाज खाली आणला आणि पुढचं सांगायला लागले.