हवा वर राहिली

लाकडाच्या वखारीला लागून त्याचं गॅरेज होतं. गाडी आत शिरण्याआधीच तिचं दुखणं तो आवाजावरून ओळखायचा, म्हणून लोकांनी त्याचं नाव कानसेन पाडलं होतं. तीस वर्षं हाताला यश होतं. खोड एकच. आपलं चुकलं, असं म्हणताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं. त्याची थोरली बहीण, नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्याच्याच घरी राहणारी, म्हणायची, "याच्या शब्दकोशातलं ते पानच फाटलंय."

एका सोमवारी शाळेतल्या बाईंची गाडी आली. ब्रेक सोडला तरी पुढची चाकं अडकून राहायची. त्याने पुढचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी आवळून धरणारे चिमटे, उतरवून बाकावर ठेवले. गंज घासला, रबरी सील बदलले, परत बसवले. ब्रेक ऑइल भरून हवा काढली आणि पेडल दाबलं, तर पाय उशीत रुतावा तसा आत गेला.

दोन-तीनदा भराभर मारलं की पेडल टणक व्हायचं. जरा थांबून दाबलं की पुन्हा मऊ. याचा अर्थ तो झोपेतही सांगू शकला असता. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. आत कुठेतरी हवा आहे. त्याने पुन्हा हवा काढायला घेतली. पण कॅलिपरच्या निप्पलला, म्हणजे हवा सोडायच्या तोंडाला, लावलेल्या नळीतून नुसतं स्वच्छ ऑइल येत होतं, औषधालाही बुडबुडा नाही. सांधे पुसून पाहिले, कुठे ओल नव्हती. रबरी पाइप मुठीत धरून पाहिले, फुगत नव्हते.

राहिला मास्टर सिलिंडर, पेडलचा दाब ऑइलला पोचवणारा. कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून नवा आणला. दुकानदार शाळेपासूनचा मित्र. एकमेकांची उत्तरं उतरवून दोघांनी एकत्र मार खाल्लेला. नवा सिलिंडर बसवला, तरी पेडल जैसे थे.

मग त्याचं डोकं फिरलं. सिलिंडर काढून तो तरातरा दुकानात गेला. चार गिऱ्हाइकं उभी होती.

"हा माल विकतोस? डबा नवा आणि आत भंगार!"

"अरे, डबा तुझ्यासमोर फोडला," दुकानदार म्हणाला. "बाकीचं नीट बसलंय ना, बघितलंस?"

"मला शिकवतोस? लोक माझ्या ब्रेकच्या भरवशावर घाट उतरतात. आणि तू त्यांच्या जिवावर उठलायस!"

दुकानदाराचा चेहरा उतरला. त्याने सिलिंडर बदलून दिला.

दुसऱ्या सिलिंडरनेही काही फरक पडला नाही. बुधवारी दुपारी त्याने ताईला हाक मारली. एकट्याने नळी लावून भागलं नव्हतं; हवा पक्की काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकापाशी.

"दाब. धरून ठेव. सोडू नकोस हं... आता सोड."

विसेक वेळा हे झाल्यावर ताई म्हणाली, "माझा गुडघा गेला बाबा," आणि खाली उतरून चाकाजवळच्या स्टुलावर टेकली. तो निप्पलवर पाना लावून बसला होता. ती बघत राहिली.

"हे ऑइल तू खालच्या तोंडातून का काढतोस रे?"

"जिथे तोंड आहे तिथूनच काढणार ना, ताई."

"पण बुडबुडा वर जातो. सलाइनच्या नळीला आम्ही टिचक्या मारायचो, तो वरच पळायचा. याच्या वरच्या अंगाला हवा बसली असेल, तर खालून कशी निघेल?"

"तुझं आपलं काहीतरीच," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. निप्पल वर असायला हवं होतं. कायम वरच असतं. तो उठून पलीकडच्या चाकापाशी गेला. तिथेही खालीच. दोन्ही कॅलिपर त्याने एकाच बाकावर शेजारीशेजारी ठेवले होते. डावा उजवीकडे बसला होता आणि उजवा डावीकडे. नवशिक्यालाही शोभणार नाही अशी चूक, आणि ती त्याच्या हातून झाली होती. त्याचे कान तापले.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. आणि पाना घेऊन कॅलिपर उतरवायला बसला.

अदलाबदल करायला तास गेला. या खेपेला नळीतून फसफसत बुडबुडे आले, मग हळूहळू थांबले. ताईने पेडल दाबलं. ते थोडं खाली जाऊन घट्ट अडलं.

बाईंना त्याने सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सापडली ना चूक? मग झालं." गाडी घेऊन त्या गेल्याही.

मित्राचं तसं नव्हतं. दुकान रिकामं झाल्यावर जावं, असं त्याला फार वाटलं. पण अपमान चारचौघांत केला होता. त्याने तीनदा साबणाने हात धुतले आणि ऐन गर्दीच्या वेळी जाऊन उभा राहिला.

"परवा इथेच बोललो होतो, म्हणून इथेच सांगतो. तुझा माल चांगला होता. मीच कॅलिपर उलटसुलट बसवले होते."

कुणीतरी हसलं. दुकानदार हसला नाही.

"मालाला नावं ठेवलीस, त्याचं काही नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "जिवावर उठलोय म्हणालास, ते लागलं."

"लागणारच. मी तसं म्हणायला नको होतं."

"बरं," म्हणून दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्यानंतर दोनेक महिने कानसेन दुकानात गेला, की मित्र प्रत्येक डबा त्याच्यासमोर उघडायचा आणि म्हणायचा, "बघून घे." कानसेन निमूटपणे बघून घ्यायचा. बोलणं तेवढंच. एका सकाळी तो दुकानातून क्लचची केबल घेऊन गॅरेजवर आला, डबा बाकावर ठेवला आणि झाकण उघडताना त्याच्या लक्षात आलं, की आज मित्राने डबा न उघडताच हातात दिला होता.